झिजण्यासाठी घडवलेलं हत्यार

फॅब्रिकेशनच्या शेडमधली बहुतेक हत्यारं टिकावीत म्हणून घडवलेली असतात. हातोडा, ऐरण, व्हाइस, पाना या वस्तू बापाकडून लेकाकडे जातात. कानस बोथट झाली की तिचं आयुष्य संपलं असं आपण मानतो. अँगल ग्राइंडरची चकती या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण ती झिजावी म्हणूनच घडवलेली असते. तिच्या कडेचा एकेक कण लोखंडावर ओरखडा काढतो, बोथट होतो, सुटून पडतो आणि त्याच्या मागचा धारदार कण पुढे येतो. चकती कापते आहे याचा अर्थच ती कणाकणाने तुटते आहे. हे तुटणं कणाकणाने चालतं तोवर ते काम असतं. एकदम झालं की तो अपघात. चकती निवडण्याचे आणि मशीनवर चढवण्याचे जेवढे नियम आहेत ते सारे या एका गोष्टीतून निघतात, आणि ही पुस्तिकाही त्याच गोष्टीभोवती लिहिली आहे.

तिची गरज का वाटली ते सांगतो. ग्राइंडर विकत घेताना माणूस दहा प्रश्न विचारतो: किती वॉटचा, कुठल्या कंपनीचा, आर्मेचर मिळतं का, वॉरंटी किती. चकती घेताना मात्र ‘चार इंचाच्या दोन कटिंग द्या, एक ग्राइंडिंग द्या’ एवढ्यावर काम भागतं. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर उभं राहिलं तर हेच वाक्य दिवसभर कानावर येतं. दुकानदार पेटीतून हाताला लागेल ती चकती काढून देतो आणि गिऱ्हाईक ती खिशात घालून निघतं. खरं तर धातूला भिडणारी वस्तू चकतीच असते. ग्राइंडर म्हणजे एक मोटार, काटकोनात वळवलेला गिअर आणि फिरणारा दांडा. त्या दांड्यावर आपण काय बसवतो यावर काप सरळ येणार की जळणार, जॉब गंजणार की चकाकणार आणि संध्याकाळी दोन्ही डोळे शाबूत राहणार की नाही, हे ठरतं.

मशीन तसं फार जुनं नाही. जर्मनीतल्या आकरमान आणि श्मिट या कंपनीने, म्हणजे आजच्या फ्लेक्सने, १९५४ साली ते बाजारात आणलं. चकतीतले कण त्याहून जुने. अमेरिकेतल्या एडवर्ड अ‍ॅचेसनला १८९१ साली विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडलं आणि त्याला त्याने कार्बोरंडम असं नाव दिलं. आपल्याकडे १९४१ साली सुरू झालेल्या ग्राइंडवेल कंपनीची घासणारी चाकं मुंबईसमोरच्या पाण्यापलीकडे, उरणजवळच्या मोऱ्याला बनू लागली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. मला मात्र ही गोष्ट अभिमानाची वाटते.

चकती आतून कशी असते हे समजून घ्यायचं तर तिळाची चिक्की डोळ्यांसमोर आणावी. तीळ म्हणजे घासणारे कण आणि गूळ म्हणजे त्यांना धरून ठेवणारा फिनॉलिक राळेचा बंध. साच्यात कण, राळ आणि भरणीची पूड एकत्र दाबतात, मधे काचेच्या धाग्यांची जाळी घालतात आणि भट्टीत बरेच तास भाजतात. ती जाळी फार मोलाची आहे. चकतीला तडा गेला तरी तुकड्यांना शक्य तेवढं धरून ठेवण्याचं काम तीच करते. चिक्कीला जे बाधतं तेच चकतीलाही बाधतं: आपटणं, वाकवणं, दमट हवा आणि फार काळ पडून राहणं.

आता कणांकडे वळू. चकतीच्या लेबलवर ‘ए’, ‘सी’, ‘झेडए’ अशी अक्षरं असतात. ‘ए’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. साध्या लोखंडासाठी, म्हणजे ज्याला आपण एमएस म्हणतो त्यासाठी, हाच कण. ‘झेडए’मध्ये झिर्कोनिया मिसळलेला असतो. तो अधिक चिवट, त्यामुळे जाड वेल्ड उतरवायला आणि एसएससाठी, म्हणजे स्टेनलेस स्टीलसाठी, चांगला. फ्लॅप डिस्कमध्ये तो हमखास भेटतो. ‘सी’ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड: दगड, विटा, काँक्रीट, टाइल यांसाठी.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं मला फार कौतुक वाटतं. सिलिकॉन कार्बाइड हे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडहून कठीण असतं, मग लोखंडाला तेच का वापरत नाहीत? कारण कठीणपणा एवढा एकच गुण पुरेसा नसतो. घासताना ठिणगीच्या जागी जी उष्णता होते तिच्यात सिलिकॉन कार्बाइडची तापलेल्या लोखंडाशी रासायनिक क्रिया होते, कणाची धार विरघळल्यासारखी नाहीशी होते, शिवाय तो ठिसूळही आहे. हिऱ्याचंही तसंच. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. म्हणून ग्रॅनाइट लोण्यासारखं कापणारी टाइलवाल्याची डायमंड ब्लेड लोखंडी अँगलवर धरली की थोड्याच वेळात नुसती चोळत राहते. लोखंड कापण्यासाठी खास बनवलेल्या हिऱ्याच्या चकत्या आता मिळतात, पण त्यांची बांधणीच निराळी असते.

लेबलवरचा आकडा कणाचा जाडपणा सांगतो: २४, ३०, ३६, ४६, ६०. चाळणीच्या एका इंचात किती भोकं, यावरून हे आकडे आले, म्हणून आकडा जितका लहान तितका कण भरड. ग्राइंडिंगच्या जाड चाकात २४ किंवा ३० चा भरड कण असतो, पातळ कटिंग व्हीलमध्ये ४६ किंवा ६० चा. फ्लॅप डिस्क घेताना ४० ने वेल्ड उतरवायचा, ६० ने सपाट करायचं आणि रंगाआधी ८० किंवा १२० ने हात फिरवायचा, हा क्रम बहुतेक कारागिरांच्या हातात बसलेला असतो.

आकड्यानंतर येणारं अक्षर मात्र जवळपास कोणीच वाचत नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याभोवतीच आहे. ‘ए ४६ टी बीएफ’ यातला ‘टी’ हा चकतीचा कठीणपणा सांगतो. हा कणाचा कठीणपणा नव्हे. बंध कणाला किती घट्ट धरून ठेवतो त्याचं हे माप आहे. इंग्रजी वर्णमालेत जितकं पुढचं अक्षर तितका बंध घट्ट. शेवटचं ‘बीएफ’ म्हणजे राळेचा बंध आणि आत धाग्यांची जाळी. आता नियम असा की धातू कठीण असेल तर चकती मऊ हवी, आणि धातू मऊ असेल तर चकती कठीण हवी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण विचार करा: कठीण पोलादावर कण लवकर बोथट होतो. बंध मऊ असेल तर तो बोथट कण सोडून देतो आणि नवा पुढे येतो. बंध घट्ट असेल तर बोथट कण तिथेच अडकून राहतात आणि चकतीची कड काचेसारखी गुळगुळीत होते. मग कापलं जात नाही, नुसतं तापतं. कारागीर म्हणतो, चकती धरत नाही, आणि जोर वाढवतो. जोर वाढला की उष्णता वाढते, राळ जळते आणि चकती वाकते. चुकीची चकती माणसाला चुकीच्या हालचालीकडे कशी ढकलते ते इथे दिसतं, म्हणून निवडीचं प्रकरण या पुस्तिकेत सुरक्षेच्या आधी घेतलं आहे.

एसएससाठी वेगळी चकती का, हाही नेहमीचा प्रश्न. अशा चकतीवर ‘आयनॉक्स’ असं छापलेलं असतं. तिच्यात लोह, गंधक आणि क्लोरीन जवळजवळ नसतात, कारण हे घटक एसएसच्या पृष्ठभागात रुतले की तिथून गंज सुरू होतो. कंपनीने ती काळजी घेतली तरी पुढची काळजी आपल्या हातात असते. जी चकती सकाळी एमएसच्या चॅनलवर चालली तीच दुपारी एसएसच्या रेलिंगवर लावली, तर लोखंडाचे कण रेलिंगला चिकटतात. बसवताना ते चकाकतं, आणि पहिल्या पावसानंतर त्यावर तांबूस ठिपके उठतात. घरमालक म्हणतो, पाइप डुप्लिकेट निघाला. पाइप बहुधा चांगलाच असतो. शेजारी एमएस कापताना उडालेल्या ठिणग्या एसएसवर पडल्या तरी हेच होतं. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, ते फार लवकर होतं. ज्या शेडमध्ये दोन्ही कामं चालतात तिथे एसएसच्या चकत्या निराळ्या डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर ठळक लिहावं. अ‍ॅल्युमिनियमसाठीही वेगळी चकती मिळते. साध्या चकतीच्या कणांमध्ये अ‍ॅल्युमिनियम भरून बसतं आणि धार झाकली जाते.

आकाराच्या बाबतीत बाजारात मुख्यतः दोन घराणी भेटतात. एक सपाट आणि पातळ कटिंग व्हील, १ मिलिमीटरपासून ३ मिलिमीटरपर्यंत जाडीचं. दुसरं डीसी व्हील, म्हणजे मधे खोलगट असलेलं ग्राइंडिंगचं चाक, साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाड. मधला खोलगटपणा अशासाठी की नट त्या खळग्यात बसावा आणि चाकाचा तळ जॉबवर टेकवताना तो आडवा येऊ नये. कटिंग व्हील फक्त कडेने काम करतं, जॉबला काटकोनात. डीसी व्हील तळाच्या बाजूने, पंधरा ते तीस अंशांच्या कोनात धरून चालवायचं. पातळ चकती ही चांगली वस्तू आहे: काप अरुंद, उष्णता कमी, बर्र कमी. पातळ भिंतीच्या चौकोनी पाइपला १ किंवा १.२ मिलिमीटरची चकती लावली की काम हलकं होतं. पण तिची सगळी ताकद तिच्या प्रतलात असते, बाजूने ती फार दुबळी. आणि आपल्याकडे काय होतं? काप झाल्यावर बर्र काढायला चकती बदलायचा कंटाळा येतो, म्हणून त्याच कटिंग व्हीलची बाजू पाइपच्या तोंडावर घासली जाते. तेवढ्या घासण्याने जाळी एका बाजूने झिजते, चकती दिसायला धड राहते आणि पुढच्या कापात फुटते. या एका सवयीविरुद्ध मी जितकं लिहीन तितकं मला कमीच वाटेल.

वायर ब्रश, फायबर डिस्क, पॉलिशचे पॅड यांची माहिती पुढे आपापल्या जागी येईल. लाकूड कापण्याची दातेरी ब्लेड मात्र ग्राइंडरवर कधीच चढवू नये. या मशीनचा वेग, गार्ड आणि पकड तिच्यासाठी नाहीत. दाता अडकला की मशीन उसळून अंगावर येतं.

आता वेग. राळेच्या बंधाच्या आणि जाळी घातलेल्या बहुतेक चकत्यांवर ८० मीटर प्रतिसेकंद अशी मर्यादा लिहिलेली असते. ताशी किलोमीटरमध्ये ती २८८ होते. चकतीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू या वेगाने धावू शकतो, याहून जास्त नाही. याच मर्यादेतून चकतीवरचा आरपीएम निघतो: १०० मिलिमीटरच्या चकतीला सुमारे १५,३००, १२५ ला १२,२००, १८० ला ८,५००, २३० ला ६,६५० आणि चॉप सॉच्या ३५५ मिलिमीटरच्या चाकाला ४,३००. व्यास वाढला की परवानगीचे फेरे कमी होतात, हे या आकड्यांत लगेच दिसतं. ताळा एकच: मशीनच्या पाटीवरचे फेरे चकतीवरच्या फेऱ्यांहून कमी किंवा फार तर तेवढेच असावेत.

चारइंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. त्याचा गार्ड काढून सातइंची, म्हणजे १८० मिलिमीटरची चकती बसवली तर तिच्या कडेचा वेग १०० मीटर प्रतिसेकंदाच्या वर जातो. ८० आणि १०० यांत फरक थोडाच वाटेल, पण चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सव्वापट झाला की ताण दीडपटीहून जास्त होतो. चॉप सॉचं चाक नऊइंची ग्राइंडरवर चढवलं, तर साडेसहा हजार फेऱ्यांना वेग १२० मीटरच्या घरात जातो आणि ताण मर्यादेच्या सव्वादोनपट होतो. ‘आम्ही लावतो, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. कंपनीने सुरक्षेसाठी जी जादा ताकद चकतीत ठेवलेली असते तीच ते रोज खर्च करत असतात. चकती जुनी, दमट किंवा एकदा हातातून पडलेली असली तर ती ताकद शिल्लक नसते.

मोठी चकती लावण्यामागचं कारणही समजून घ्यायला हवं, नुसतं रागावून उपयोग नाही. चारइंची चकती झिजून ७० मिलिमीटरची झाली की त्याच फेऱ्यांना तिच्या कडेचा वेग ५८ वरून ४० मीटरवर येतो. ती हळू कापते आणि जॉबमध्ये खोल उतरत नाही. मोठी चकती झपाझप कापते, हा कारागिराचा अनुभव खराच असतो. त्यावरचा उपाय म्हणजे मोठं मशीन, आणि लहान ठेकेदाराला नेमकं तेच परवडत नाही. दुसरी चाल याच्या उलट: नऊइंची मशीनवर झिजून पाच इंचांची झालेली चकती फेकवत नाही, आणि तिचं भोक पाचइंची मशीनला बरोबर बसतं, कारण दोन्हींचं २२.२३ मिलिमीटर. पण ती घडवली आहे ६,६५० फेऱ्यांसाठी. तिला अकरा हजारांवर नेऊ नये.

भोकाचा घोळही मोठा आहे. चारइंची मशीनच्या चकतीला १६ मिलिमीटरचं भोक असतं आणि मशीनचा दांडा एम १० आट्यांचा. पाचइंची आणि त्यापुढच्या मशीनांना २२.२३ मिलिमीटरचं भोक आणि बहुतेक एम १४ चा दांडा. पाचइंची चकती चारइंची मशीनवर बसवली की ती मधोमध धरली जात नाही, एका बाजूला सरकते. ती थरथर हाताला कळते, आणि हाताला कळण्याआधी बेअरिंगला कळते. मधे बुश घालणं, वॉशर भरणं किंवा कानशीने भोक मोठं करणं, यातलं काहीही करू नये.

लेबल वाचून झालं की मधली धातूची कडी पाहावी. चांगल्या चकत्यांवर तिथे वापराची शेवटची तारीख ठोकलेली असते. हाताने धरायच्या मशीनवरच्या राळेच्या चकत्यांना साधारण तीन वर्षांची मुदत मानतात. तारखेची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, हे काय औषध आहे? पण राळ ओलावा पिते आणि राळ-काचेची पकड ढिली होते. आपल्या हवेत याला फार महत्त्व आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात किंवा घाटमाथ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये फरशीवर ठेवलेल्या चकतीची स्थिती तारखेच्या कितीतरी आधी बिघडते. चकत्या कोरड्या जागी, झाकणाच्या डब्यात, सपाट एकावर एक ठेवाव्यात. खिळ्याला टांगलेली पातळ चकती हळूहळू वाकते, आणि वाकलेली चकती सरळ फिरत नाही.

जोडणीचा क्रम सांगताना मी नेहमी प्लगपासून सुरुवात करतो. स्विच बंद असणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर हवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून ठेवलेली हवी. मग चकती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहावी: कडेचा टवका, तडा, फुगवटा, तेलाचा किंवा पाण्याचा डाग, सैल झालेली कडी. बेंच ग्राइंडरचा दगड लाकडी मुठीने ठोकून आवाजावरून तपासतात, ती रीत या पातळ राळेच्या चकत्यांना लागू पडत नाही. इथे डोळ्यांवरच भिस्त. हातातून पडलेली चकती बाद, मग ती कितीही धड दिसो.

नंतर मशीनची आतली फ्लँज काढून पुसावी. तिथे लोखंडाचा बारीक भुसा आणि जुन्या लेबलचा कागद चिकटून बसलेला असतो, आणि तेवढ्यानेही चकती तिरकी बसते. फ्लँजच्या मधल्या उंचवट्यावर चकतीचं भोक नीट, न हलता बसलं पाहिजे. डीसी व्हील असेल तर मधला फुगीर भाग मशीनकडे आणि खळगा बाहेर, म्हणजे नट खळग्यात जातो. आता नट. बहुतेक मशीनांचा नट दोन तोंडांचा असतो: एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला उंचवटा. जाड चाकाला उंचवटा चाकाकडे ठेवायचा, तो भोकात शिरून चाकाला मधोमध धरतो. पातळ कटिंग व्हीलला नट उलटा करून सपाट बाजू चकतीकडे. पातळ चकतीला उंचवटा आत ठेवला तर तो थेट आतल्या फ्लँजवर टेकतो, हाताला नट घट्ट वाटतो आणि चकती मात्र सैलच राहते. चालू केल्यावर चकती जागच्या जागी घसरते आणि कामगार नटावर आणखी जोर काढतो. एवढ्या साध्या उलटापालटीची माहिती नसल्याने किती चकत्या वाया जातात! आपल्या मशीनच्या पुस्तिकेतलं चित्र एकदा पाहून घ्यावं, कारण काही मशीनांत रचना निराळी असते.

नट आधी हाताने, मग स्पिंडल लॉक दाबून दोन पिनांच्या पान्याने बेताने आवळावा. फिरण्याच्या दिशेमुळे तो चालताना आणखी आवळला जातो, म्हणून अंगातली ताकद लावू नये. स्पिंडल लॉक मशीन पूर्ण थांबल्यावरच दाबायचा. फिरत्या मशीनवर दाबला की गिअर जातो. पिनांचा पाना बहुतेक शेडमध्ये हरवलेला असतो, आणि मग छिन्नी-हातोड्याने नट ठोकून फिरवतात. नटाच्या कडा फुटतात, फ्लँज किंचित वाकते आणि त्यानंतर बसवलेली प्रत्येक नवी चकती डोलत फिरते. पाना मशीनच्या वायरीला, प्लगजवळ, दोरीने बांधून ठेवावा. तिथे बांधला की प्लग काढल्याशिवाय तो हातीही येत नाही.

चकती बसली की हाताने एक फेरा द्यावा, ती गार्डला घासत नाही ना ते पाहावं. गार्ड आपल्या अंगाच्या आणि चकतीच्या मधे येईल असा फिरवावा. मग प्लग लावून, चकतीच्या प्रतलातून बाजूला उभं राहून, मशीन मिनिटभर रिकामं चालवावं. चकती फुटली तर तुकडे तिच्याच प्रतलात, स्पर्शरेषेने सुटतात. म्हणूनच समोर नाही, बाजूला उभं राहायचं; आणि म्हणूनच त्या प्रतलात हेल्परही उभा नको. चढवतानाची इजा झालेली चकती पुष्कळदा या पहिल्या मिनिटातच दगा देते.

गार्डबद्दल वेगळं लिहायला हवं. आपल्या रस्त्यांवरच्या दर दुसऱ्या ग्राइंडरला गार्ड नसतो. कोपऱ्यात पोचत नाही, काप दिसत नाही, मोठी चकती बसत नाही, अशी कारणं सांगतात. पहिल्या दोन अडचणी गार्ड थोडा फिरवून सुटतात. तिसरी अडचण म्हणजे गार्ड आपलं काम करतो आहे याचा पुरावा आहे.

चालवण्याचं तंत्र या पुस्तिकेचा मुख्य विषय नाही, तरी एक गोष्ट जोडणीइतकीच महत्त्वाची आहे: जॉबचा आधार. लांब अँगल दोन्ही टोकांना स्टुलांवर ठेवून मधे कापला की काप संपत येताना तो मधे खचतो, फट वरून मिटते आणि चकती चिमटीत सापडते. मग एकतर ती फुटते किंवा मशीन उसळतं. कापायचा तुकडा आधाराच्या बाहेर, मोकळा ठेवावा, म्हणजे तो खाली झुकताना फट उघडत जाते. आणि आपल्याकडच्या भारनियमनाची एक खास गोष्ट: काम चालू असताना वीज गेली तर आधी स्विच बंद करावा. सरकवून अडकवायचा स्विच चालूच राहिला, तर वीज परत आल्यावर टेबलावर ठेवलेला ग्राइंडर आपोआप सुरू होतो आणि तेव्हा त्याच्यावर कोणाचाच हात नसतो.

डोळ्यांसाठी बंद बाजूंचा गॉगल आणि त्यावर फेस शील्ड. साधा चष्मा बाजूने उघडा असतो. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण रुमालाच्या टोकाने काढणारे ‘तज्ज्ञ’ प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत, पण बुबुळावर रुतलेला कण काही तासांतच गंजू लागतो आणि गंजाचं कडं मागे ठेवतो. ते काम डोळ्यांच्या डॉक्टरांचं. दगड आणि टाइल कोरडी कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते, तिथे पाणी सोडून कापावं आणि तोंडाला साधा रुमाल नव्हे, धुळीसाठीचा मास्क बांधावा. सैल बाही, गळ्यातला गमछा, ओढणी यांना या मशीनजवळ जागा नाही.

वेगाची पाटी ही काही अलीकडची, परदेशातून आलेली काळजी नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३० व्या कलमातच असं लिहिलं गेलं की जिथे ग्राइंडिंग चालतं तिथे प्रत्येक मशीनजवळ चाकाच्या सुरक्षित परिघ-वेगाची आणि दांड्याच्या फेऱ्यांची सूचना कायमची लावलेली असावी आणि तो वेग ओलांडू नये. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांना चकती कशामुळे फुटते हे नेमकं ठाऊक होतं. पण भोसरी, सातपूर, शिरोलीच्या मोठ्या कारखान्यांपर्यंत जे पोचतं ते नाक्यावरच्या दोन माणसांच्या शेडपर्यंत पोचत नाही. त्या शेडला कायदा कारखाना म्हणून मोजतच नाही. खिडकीच्या जाळ्या, गेट, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, शेतावरचे पत्र्याचे गोठे मात्र तिथेच बनतात. ही पुस्तिका त्या दोन माणसांसाठी आणि आयटीआयच्या वेल्डर, फिटर ट्रेडमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी आहे. प्रत्येक प्रकरण दुपारच्या सुट्टीत वाचून होईल एवढंच ठेवलं आहे, आणि मजकुरातले तक्ते कापून भिंतीवर लावता येतील असे छापले आहेत. ते खुशाल कापावेत.

वाचायला लागण्याआधी आपल्या शेडमधल्या चकत्यांचा डबा एकदा रिकामा करून पाहावा. तारीख उलटलेल्या, टवका गेलेल्या, ओल्या झालेल्या, लेबल फाटल्यामुळे फेऱ्यांचा आकडा वाचता न येणाऱ्या चकत्या बाजूला काढाव्यात. त्या नुसत्या कचऱ्यात टाकू नयेत, कारण भंगारातून त्या उचलून दुसरा कोणीतरी आपल्या मशीनवर चढवतो. हातमोजे आणि गॉगल घालून प्रत्येक चकती गोणपाटाखाली हातोड्याने मोडावी आणि मगच टाकावी.